दुसऱ्या स्कोअररची सही

मे महिना उजाडला की अमेरिकेतल्या शॉमबर्गमधल्या आमच्या मागच्या अंगणात भोंगा ऐकू येऊ लागतो. भोंगा म्हणजे इथल्या बेसबॉलच्या मैदानाचा लाउडस्पीकर. मैदान आमच्यापासून तसं दीडेक मैलावर आहे, पण वारा अनुकूल असला की निवेदकाचा आवाज कुंपणावरून थेट आमच्या टोमॅटोच्या रोपांपर्यंत येतो. शब्द कळत नाहीत. कुणाचं तरी नाव लांबवत लांबवत नेलंय एवढंच कळतं, मग ऑर्गनचे चार सूर आणि मग टाळ्या. शेजारीपाजारी त्या आवाजानं खुलतात. एवढ्या लांबलचक थंडीनंतर उन्हाळा आल्याची ती वर्दी असते. मी मात्र पाण्याची नळी हातात धरून उभा राहतो आणि माझे कान तापायला लागतात. रोपांना पाणी जास्त होतं. मेधा, माझी बायको, आतून ओरडते, "अरे, बुडवतोस का त्यांना?"

सात वर्षं झाली. तरी दर मे महिन्यात हे असंच होतं.

तो बाबांचा उन्हाळा होता. आई गेल्याला वर्षही झालं नव्हतं आणि नागपूरच्या घरात एकटे राहण्यापेक्षा पाच महिने इकडे या, अशी गळ घालून आम्ही त्यांना आणलं होतं. बाबा वीजखात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. पण ती त्यांची खरी ओळख नव्हेच. चाळीस वर्षं ते आमच्या भागातल्या क्रिकेट क्लबाचे स्कोअरर होते. रविवारी सकाळी कापडी बांधणीची ती आडवी लांबलचक वही, तीन रंगांच्या पेन्सिली आणि फूटपट्टी पिशवीत घालून ते मैदानावर जायचे, ते संध्याकाळी मानेवर उन्हाचा पट्टा घेऊन परत यायचे. तसली एक कोरी वही त्यांनी अमेरिकेच्या बॅगेतही भरली होती. विमानतळावर ती पाहून मी हसलो होतो. "इथं कुठलं क्रिकेट, बाबा?" तर म्हणाले, "काही ना काही तर खेळत असतीलच ना लोक."

खेळत होतेच. पहिल्या दोन आठवड्यांत टीव्हीपुढे बसून बाबांनी बेसबॉल समजून घेतला. चेंडू टाकणारा तो पिचर, पाठीमागे उकिडवा बसतो तो कॅचर, तीन आउट झाले की समोरच्यांची पाळी. नऊ पाळ्या, म्हणजे नऊ इनिंग. त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं की इनिंग म्हणजे आपली ओव्हर. प्रत्येक चेंडूला एक टिंब. आणि इनिंगमध्ये एकही रन गेली नाही तर ती मेडन. आता क्रिकेटच्या वहीत मेडन ओव्हर लिहायची एक रीत आहे: सहा टिंबं रेघांनी जोडून त्यांचा इंग्रजी एम करायचा. मेडनमध्ये विकेट पडली तर डब्ल्यू. बाबांनी यावर दोन दिवस विचार केला. मग चहा पिताना निर्णय जाहीर केला, "इथं तर विकेटी पडल्याशिवाय ओव्हर संपतच नाही. मग तिचं काय एवढं कौतुक? एमच लिहायचा." मेधानं गंभीर चेहऱ्यानं मान डोलावली. ती त्यांच्याशी फार चांगलं वागायची. मी लॅपटॉपमधून मानही वर केली नसेल.

आणखी एक रीत होती, ती आधीच सांगायला हवी. क्रिकेटमध्ये स्कोअरर एकटा कधीच नसतो. दोन संघांचे दोन, शेजारी शेजारी बसतात. ओव्हर संपली की दोघांनी आपापला आकडा मोठ्यानं बोलायचा. दुसऱ्याच्या वहीत डोकवायचं नाही, आधी आपला आकडा सांगायचा, मग जुळवायचं. शेवटी दोघांच्या सह्या. दोन सह्यांशिवाय पान खरं नाही. बाबा याबाबतीत असे कडक होते की लोक वैतागत. एकदा क्लबाच्या अध्यक्षांचा पुतण्या एकोणपन्नासवर आउट झाला. एक रन पायाला लागून गेलेली होती, ती बॅटची धरा, एवढंच अध्यक्षांचं म्हणणं. पोराचं अर्धशतक होईल, कुणाचं काय जातं? दुसऱ्या स्कोअररनं मान्यही केलं होतं. बाबा म्हणाले, "बॅटला लागली नाही, जी." त्या पानावर बाबांची सही आजतागायत नाही. पुढची दोन वर्षं त्यांना कुणी स्कोअरला बोलावलं नाही आणि ते रविवारी घरी बसून पंखे पुसत राहिले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मला ते विसरता येत नाही, आणि माझ्या गोष्टीत तीच खरी अडचण आहे.

जुलैत आमच्या ऑफिसची सहल ठरली, याच मैदानावर, शनिवारी दुपारचा सामना. उजव्या बाजूच्या कुंपणापलीकडे लाकडी कट्टा आहे. तो अख्खा ऑफिसनं घेतला होता. नवीन डायरेक्टर नुकताच आला होता, ग्रेग त्याचं नाव, आणि टीममधली एक मोठी जागा तो कुणाला देणार यावरून सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. माझाही. सगळ्यांनी ऑफिसचे पांढरे टी-शर्ट घातले होते. मी मुद्दाम निळा इस्त्रीचा शर्ट घातला, ग्रेगच्या नजरेत भरावा म्हणून. मेधा त्या दिवशी एका परिषदेसाठी डॅलसला गेलेली. जाताना म्हणाली, "बाबांना घेऊन जा बरं का. एकटे ठेवू नकोस घरी." घेऊन गेलो.

बाबांनी कट्ट्यावर पोचल्या पोचल्या जेवणाच्या टेबलावरचे बनपावांचे ट्रे बाजूला सारले आणि वही पसरली. पेन्सिली मांडल्या. जुलैच्या उन्हात अंगात हाफ स्वेटर. मग ग्रेग कोकचा ग्लास घेऊन समोर उभा राहिला तेव्हा बाबांनी फूटपट्टीनं त्याला हलकेच बाजूला व्हायची खूण केली. "प्लीज सर. यू आर स्टँडिंग इन माय साइटस्क्रीन."

ग्रेग मोठ्यानं हसला. "सॉरी, सॉरी!" म्हणत बाजूला झाला, वहीत डोकावला आणि दोन प्रश्नही विचारले. आज मला स्पष्ट आठवतं, तो मनापासून हसला होता. त्याला बाबा आवडले होते. पण तेव्हा मला फक्त स्वेटर दिसत होता, सारलेले ट्रे दिसत होते, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. मला माझ्या वडिलांची लाज वाटली. हे वाक्य लिहायला मला सात वर्षं लागली, म्हणून ते असंच सरळ राहू दे.

मी खाली गेलो आणि थेट समोरच्या बाजूचं, कॅचरच्या पाठीमागचं एक तिकीट काढून आणलं. एकच.

"बाबा, इथून काही नीट दिसत नाही. तुम्हाला खास स्कोअररची जागा आणलीय. पिचरच्या अगदी समोर."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना. "अरे, कायले एवढं केलं!" म्हणत त्यांनी भराभर पेन्सिली गोळा केल्या. मी त्यांना तिथं बसवलं, पाण्याची बाटली दिली, तिथल्या वयस्कर डोअरकीपर बाईला लक्ष ठेवा म्हटलं आणि सुटलो. परत येताना अक्षरशः हलकं वाटत होतं.

सामना मी पाहिला नाही. कट्ट्याच्या कठड्याला टेकून, मैदानाकडे पाठ करून, मी ग्रेगशी बोलत राहिलो. त्याच्या होडीविषयी, मिशिगन तळ्याविषयी, मग हळूच आमच्या प्रोजेक्टविषयी. तो विनोद करायचा, मी त्याची री ओढायचो. मधेच केदार आला. केदार पुण्याचा, आमच्याच टीममधला, आमच्याकडे दोनदा जेवून गेलेला.

"अरे यार, काका तिकडे एकटेच बसलेत. त्यांना इकडे बोलवू का? मी घेऊन येतो ना, नो प्रॉब्लेम."

"नको नको. त्यांना तिकडूनच आवडतं."

केदारनं एकदा तिकडच्या खुर्च्यांकडे पाहिलं. "ओके," म्हणाला, आणि त्यानंतर दुपारभर माझ्याशी बोलला नाही.

सामना मात्र असा झाला की तो मैदानावरच्या जुन्या लोकांना अजून आठवतो. आमच्या संघाचा पिचर डावखुरा होता, पस्तिशीकडे झुकलेला, मोठ्या लीगमध्ये कधीच न पोचलेला. त्याच्या चेंडूला फारसा वेग नव्हता. तो चेंडू असा सावकाश सोडायचा की बॅटर आधीच फटका मारून मोकळा व्हायचा आणि चेंडू मागाहून यायचा. हल्ली पिचर सहा-सात इनिंग झाल्या की बदलतात. हा बदलला नाही. पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत एकट्यानं टाकायचं आणि समोरच्याला एकही रन द्यायची नाही, याला इकडे शटआउट म्हणतात, आणि ते दर्शन हल्ली क्वचितच घडतं. चौथ्या इनिंगला आमची एक रन झाली, बस्, तेवढीच. नवव्या इनिंगला दोन आउट झाले होते आणि समोरचे दोघं बेसवर, रनच्या अर्ध्या वाटेवर, येऊन उभे. मॅनेजर त्याला काढायला मैदानात चालत आला. पिचरनं ग्लोव्ह तोंडासमोर धरून काहीतरी सांगितलं. मॅनेजर एकटाच परत गेला. मग त्यानं सगळ्यात सावकाश असा एक चेंडू टाकला, आणि बॅटर स्वतःभोवती गिरकी घेऊन गुडघ्यावर आला.

हे सगळं मी इतकं तपशीलवार सांगतोय, पण यातलं काहीही मी पाहिलेलं नाही. माझ्यामागे एकदम गलका झाला तेव्हा मी वळलो, तर खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत होते.

बाबांना आणायला गेलो तेव्हा अवतीभोवतीच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. शेंगांच्या टरफलांमध्ये पाय सावरून ते बेरजा करत होते. नऊ चौकोनांत नऊ एम. एवढे एम ओळीनं त्यांच्या कुठल्याच वहीत नव्हते. बोटांना पेन्सिलीच्या शिशाचा काळा रंग लागला होता आणि डोळे पाण्यानं भरलेले होते.

"थांब, टॅली होऊ दे. दुसऱ्या स्कोअररची सही पाहिजे." त्यांनी वही मांडीवर पालथी धरली, रीतीप्रमाणे. "सांग, हिट किती धरलेस तू?"

मी म्हणालो, "तुमचे तेच माझे."

"असं नसतं, अरे. आधी आपला आकडा." मग जरा पुढे झुकून, "बरं, पाचव्या इनिंगचा तो चेंडू. फिल्डरच्या हाताला लागून गेला तो. हिट धरायचा का त्याची चूक? बोर्डावर काहीही येऊ दे. तुझ्या डोळ्यांना काय वाटलं?"

"तुम्ही म्हणाल ते, बाबा."

ते चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, उन्हानं थकलेत. मग त्यांनी वही उलटी केली, माझ्याकडे फिरवली आणि पेन्सिल पुढे केली.

"कर."

मी सही केली. झोकात, खाली रेघ वगैरे ओढून.

गाडीत बसल्यापासून घर येईपर्यंत त्यांनी सामना पुन्हा सांगितला. पहिल्या इनिंगपासून, एकेक बॅटर. मी "हो ना", "काय टाकला!" असं म्हणत राहिलो. सिग्नलला थांबलो की ते स्टिअरिंगवरच्या माझ्या हाताला हात लावून थोडं मागचंही परत सांगत. मला मनातून कंटाळा आला होता. घरी पोचल्यावरही ते गॅरेजमध्ये पाच मिनिटं बोलत बसले, नववी इनिंग राहिली होती म्हणून.

ऑफिसातली ती जागा मला मिळाली नाही. मिळाली असती तरी पुढचं काही वेगळं झालं नसतं. पण नागपूरला परत गेल्यावर बाबांनी क्लबात, भिशीच्या मंडळींत, दवाखान्यात, सगळीकडे एकच गोष्ट सांगितली: मुलानं मला तिथं खास स्कोअररची जागा काढून दिली. माझी ताई फोनवर सांगायची, "तुझं कौतुक ऐकून ऐकून कान किटले रे आमचे." व्हिडिओ कॉलवर कुणी काका, कुणी मावशी म्हणत, असा मुलगा असावा. मी मान डोलवायचो. प्रत्येक वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं आणि प्रत्येक वेळी मी गप्प बसायचो. एकदाच मेधाला खरं सांगितलं. ती फक्त म्हणाली, "मला नको सांगूस. त्यांना सांग." बाबा आता ताईकडे असतात. गुडघ्यांमुळे एवढा प्रवास पुन्हा होणार नाही हे सगळ्यांनाच कळून चुकलंय. मग आता सांगून त्यांचं सुख कशाला हिरावायचं, अशी मी माझी समजूत घालत आलो. सोयीची समजूत होती.

या हिवाळ्यात मेधा नागपूरला जाऊन आली तेव्हा बाबांनी तिच्याजवळ ती वही दिली. "उरलेली पानं वाया जाऊ देऊ नको म्हणावं." वही बरेच दिवस मी उघडलीच नाही. मे महिन्यात भोंगा वाजला तेव्हा उघडली. नऊ एम. खाली दोन सह्या. बाबांची बारीक, सरळ, आणि माझी ती झोकातली. पाचव्या चौकोनाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काढलेलं एक छोटं प्रश्नचिन्ह होतं, ते तसंच राहिलेलं. सात वर्षं त्यांनी ते खोडलं नव्हतं.

मागच्या रविवारी दुपारी मी एकटा मैदानावर गेलो. कॅचरच्या मागचं, जमेल तितकं त्याच जागेजवळचं तिकीट काढलं. पुढचं कोरं पान उघडलं, पेन्सिलीला टोक केलं. पिचर कुणी पोरसवदा होता, त्याच्या तिसऱ्याच चेंडूला सणसणीत फटका बसला आणि चेंडू उजवीकडच्या कुंपणाकडे गेला. त्याच्यामागे माझी नजर गेली.

कुंपणापलीकडे तो कट्टा होता. अगदी समोर. कुठल्यातरी ऑफिसची माणसं होती, सगळ्यांचे टी-शर्ट हिरवे. चेहरे कळत नव्हते. पण कोण मैदानाकडे तोंड करून उभं आहे आणि कोण पाठ करून, हे अगदी स्वच्छ कळत होतं. कठड्याला टेकलेला एक माणूस तर पहिल्या इनिंगपासून वळलाच नाही. पिचरकडे बघताना तो आपोआप नजरेत येत होता. टाळू म्हटलं तरी टाळता येत नव्हता.

पेन्सिल हातातच राहिली. दुसऱ्या इनिंगची टिंबं काही लिहिली गेली नाहीत. मला गाडीतला तो परतीचा रस्ता आठवत होता. ज्यानं सामना पाहिलाय त्याला कुणी इतकं तपशीलवार सांगत नाही. एकेक बॅटर, एकेक चेंडू, हाताला हात लावून, काही राहू नये म्हणून. आणि मी कंटाळलो होतो.

संध्याकाळी, नागपूरला सोमवारची सकाळ झाल्यावर, फोन लावला. बाबांचा चहा चालला होता, बशीचा आवाज येत होता.

"बाबा, आज गेलो होतो मैदानावर. वही घेऊन."

"अरे वा! किती मेडन?"

"लिहिलं नाही नीट. बाबा…" सात वर्षं घोकलेल्या वाक्यांतलं एकही जागेवर नव्हतं. "तुमच्या त्या सीटवरून आमचा कट्टा दिसतो."

बशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"दिसतो ना," बाबा म्हणाले. "निळा शर्ट होता तुझा. सगळे पांढरे, तू एकटा निळा. पूर्ण मॅच पाठच दिसून राहिली होती."

"मग सही का घेतलीत माझी? तुम्ही? तुम्ही तर कधी…"

मागे ताईच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मग ज्या आवाजात ते ओव्हरचा आकडा सांगायचे, त्याच साध्या आवाजात म्हणाले,

"दुसरं कोण होतं रे माझं तिथं?"